स्टेपनीचे नट

गाडी बावीस वर्षांची होती आणि फिटरच्या मते अजून तिचं काहीच वय झालेलं नव्हतं. गल्लीचं मत वेगळं होतं. गल्ली म्हणे, फिटरने ती इतक्या वेळा खोलून जोडली आहे की मूळ गाडीतला आता फक्त हॉर्न उरला असेल. फिटर अशा बोलण्याला भीक घालत नसे. पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. निवृत्त झाला तरी लोक त्याला फिटरच म्हणत आणि त्यालाही ते स्वतःच्या नावापेक्षा बरं वाटे. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडी बाक, भिंतीवर लहान-मोठे पाने ओळीने टांगलेले. ऑइल घरी बदलायचं, प्लग घरी साफ करायचे, ब्रेकचं काम घरी. गॅरेजची पायरी चढायची नाही म्हणजे नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला तो तोंडावर 'काय रे' म्हणे आणि पाठीमागे 'चोर'. हे गॅरेजवाल्याला ठाऊक होतं. कोपऱ्यावर बसलेल्या माणसाला सगळंच ठाऊक असतं.

पण गाडी चालवायच्या मात्र बाई. बाई म्हणजे फिटरची बायको. शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणे आणि अहो-जाहो करी. फिटरबद्दल मात्र पाठीमागे सगळे एकेरीच बोलत, त्याचं त्याला काही वाटतही नसे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, समोरून येणाऱ्या गाड्या दोन-दोन दिसायला लागल्या, आणि एक दिवस त्याने किल्ली बाईंच्या हातात ठेवली. "गाडीचं पोट माझं, चाकं तुझी," म्हणाला. तेव्हा बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांनी सायकलीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

शिकवलं त्यानेच. शेजारी बसून, ओरडून, डोक्याला हात लावून, पण शिकवलं. आणि लायसन्स आल्यावरही गाडी एकटीला दिली नाही. म्हणाला, "आधी चाक बदलून दाखव. ज्याला चाक बदलता येत नाही त्याने चाकावर बसू नये." मग भर उन्हात शेडसमोर बाईंनी जॅक लावला, मागच्या चाकाला दगड लावला, पान्यावर उभं राहून नट सैल केले, डिकीतून स्टेपनी काढली. फिटर स्टुलावर बसून बघत होता. हात लावत नव्हता. "जे चार नट काढलेस तेच चार परत गेले पाहिजेत," तो म्हणाला. "एकही हरवायचा नाही. मोजून काढ, मोजून लाव." बाई घाम पुसत म्हणाल्या, "चारपर्यंत येतात हो मला आकडे." त्या दिवशी त्यांना चाळीस मिनिटं लागली. पण चाक बसलं, आणि फिटरने ही गोष्ट पुढचे सहा महिने ज्याला त्याला ऐकवली.

एक गोष्ट मात्र त्याने चुकीची केली, आणि ती रोज थोडी थोडी केली, त्यामुळे त्याला कधी दिसली नाही. बाईंचे कान तिखट होते. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतं ते त्यांना फळ्याकडे तोंड करून कळायचं. गाडीतला आवाजही त्यांना लगेच कळे. "अहो, डावीकडून कट्‌कट् येतंय." फिटर म्हणे, "तुझ्या कानातून येतंय." "अहो, ब्रेक दाबला की कुईं होतं." "जुनी गाडी आहे. तुझे गुडघे वाजत नाहीत का?" चार माणसांत म्हणे, पाहुण्यांसमोर म्हणे, आणि सगळे हसत. बाईही हसत. हळूहळू त्यांनी सांगणं कमी केलं. घाबरट आहोत आपण, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं.

एकाच आवाजावर त्या अडून बसल्या. मागून, डिकीतून, खडखड. दोन महिने रोज म्हणत होत्या. शेवटी मंगळवारी फिटर वैतागला, डिकी उघडली, स्टेपनी उचलली, आणि खाली त्याला बुटपॉलिशचा जुना डबा सापडला. वळणावर तो इकडून तिकडे घसरत होता आणि आतले नट वाजत होते. एवढंच. "घे, सापडला तुझा चोर," असं म्हणत त्याने डबा बाईंना दाखवला. डब्यात फडक्याचा बोळा कोंबून परत ठेवावा म्हणून तो शेडमध्ये घेऊन आला. फडकं शोधता शोधता त्याला गळका नळ दिसला. नळाला वॉशर लागत होता. वॉशर शोधताना चहा आला. डबा फळीवर राहिला.

आता त्या डब्यात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षी मुलाने, म्हणजे परगावी असलेल्या एकुलत्या एक मुलाने, आई-बापाला भेट म्हणून गाडीला चार नवी अलॉयची चाकं पाठवली. चकचकीत. ती बसवायला परस्पर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाच सांगितलं, आणि फिटरला नाक मुरडत का होईना तिथे जावं लागलं. अलॉयचं चाक जाड असतं, त्याला लांब मानेचे नट लागतात. मान चाकाच्या भोकात जाऊन बसते. पण स्टेपनी जुनीच राहिली, लोखंडी, काळी, पातळ पत्र्याची. तिला जुने आखूड नटच हवेत. लांब मानेचा नट त्या पातळ चाकाला लावला तर मान आरपार जाऊन मागे टेकते. हाताला वाटतं नट घट्ट झाला. झालेला असतो तो नट. चाक सैलच असतं. आणि सैल चाक चार-दोन मैल गुमान चालतं, हेच वाईट.

गॅरेजवाल्याने हे तेव्हाच सांगितलं होतं. "साहेब, जुने चार नट डिकीत ठेवा. आणि बाईंना सांगून ठेवा, स्टेपनी लावली तर हेच लावायचे." फिटर त्याला म्हणाला होता, "मला शिकवतोस? तू गोट्या खेळत होतास तेव्हापासून मी नट आवळतोय." घरी येऊन त्याने नट बुटपॉलिशच्या डब्यात भरले, डबा स्टेपनीखाली ठेवला. बाईंना काही सांगितलं नाही. सांगू कधीतरी, म्हणाला. ते कधीतरी आलंच नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला बाई निघाल्या. त्यांची थोरली बहीण घाटापलीकडच्या गावात राहायची, दोन महिन्यांपूर्वी तिचं मोठं आजारपण झालं होतं, आणि दर शुक्रवारी बाई एकट्या गाडी घेऊन तिच्याकडे जात. दिवसभर तिच्याजवळ बसत, तिचे केस विंचरत, दिवेलागणीच्या आत परत येत. आठवड्यातला हा एक दिवस बाईंचा स्वतःचा होता. फिटर फाटकापर्यंत गेला, चारही चाकांवर नेहमीप्रमाणे एकेक लाथ मारली, बरोबर आहेत म्हणाला, आणि शेडमध्ये येऊन बसला.

साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. बाईंचा निरोप, बोलून पाठवलेला. आवाजात धाप होती आणि धापेपेक्षा जास्त आनंद. "अहो, ऐकताय का? पुलाच्या अलीकडे टायर बसला. पण बदललं हो मी चाक. एकटीने. बावीस मिनिटं. चार काढले, चार लावले, मोजून. फोटो पाठवलाय बघा. आता ठेवते फोन, पर्समध्ये टाकते, निघते. काळजी करू नका."

फिटरने तो निरोप तीनदा ऐकला. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली. शेजारच्या शिंप्याला भिंतीवरून हाक मारली, "ये, बघ, माझ्या बायकोने काय केलंय ते." शिंपी आला, बोटात सुई तशीच. फिटरने त्याला निरोप ऐकवला, मग चाळीस मिनिटांची जुनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, मग तुझ्या बायकोला साधं शिलाई मशीन तरी उघडता येतं का, असं विचारून त्याची थट्टा केली. यात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं फिटरला पुढे जन्मभर पुरणार होती.

मग फोटो उघडला. शिंप्याने फोन हातात घेतला, चिमटीने चित्र मोठं केलं आणि कौतुकाने म्हणाला, "चाक जुनंपानं दिसतंय, पण नट काय चकाचक ठेवलेत हो तुम्ही."

फिटरने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. काळं लोखंडी चाक. त्यावर चार लखलखीत नट. त्याने चांगला डोळा स्क्रीनला टेकवला. मग मान वर केली. फळीवर, वॉशरच्या पुडीशेजारी, बुटपॉलिशचा डबा.

शिंपी विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याने बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. बाई उचलणार नव्हत्या, कारण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, माझा असला तरी नाही, हे त्यानेच त्यांच्याकडून घोकवून घेतलं होतं. फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, आवाज बंद. शाळेत शिस्त लावणाऱ्या बाई, स्वतः शिस्त मोडणार नव्हत्या. त्याने मेव्हणीच्या घरी फोन केला. नाही आली अजून, म्हणाली ती, अर्ध्या तासात येईल. फिटरने "आली की लगेच फोन करायला सांगा" एवढंच सांगितलं. आजारी माणसाला आणखी काय सांगणार?

पुलापासून घाट बारा किलोमीटर. घाटात नऊ वळणं, एका बाजूला दरी. फिटर हे गणित करत होता आणि करता करता त्याच्या लक्षात आलं की आपण गल्लीतून पळतोय. पायात चप्पल एकच होती. हातात डबा होता आणि तो खडखड वाजत होता.

गॅरेजवाला एका गाडीखाली होता. फिटरने त्याचे पाय धरून ओढले, अक्षरशः. तो सरपटत बाहेर आला, तोंडावर ऑइल, आणि काही बोलणार तेवढ्यात फिटरने फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कुणाला सांगायला पाच मिनिटं लागली असती. गॅरेजवाल्याने फोटो पाहिला, डबा पाहिला आणि विचारलं, "कुठे आहेत बाई?"

"पुलाच्या पुढे. घाटाकडे."

गॅरेजवाल्याने हातसुद्धा पुसले नाहीत. पिकअपमध्ये जॅक टाकला, पाने टाकले, गिऱ्हाइकाला म्हणाला बसा तुम्ही, येतो. फिटर शेजारी चढला. इतकी वर्षं ज्याला चोर म्हटलं त्याच्या गाडीत तो नाक मुठीत धरून बसला होता, पण हे त्याच्या मनातही आलं नाही. दर मिनिटाला बाईंना फोन लावत होता. आधी वाजायचा तरी, मग रेंजच्या बाहेर लागायला लागला.

गाव मागे पडलं. गॅरेजवाला पिकअप अशी हाणत होता की पत्रे थरथरत होते. मग रस्त्यावरची नजर न काढता गॅरेजवाल्याने विचारलं, "साहेब, बाईंना सांगितलं होतंत ना नटांचं?"

आता इथे खरं बोलायला काही पैसे पडत नव्हते. पण माणसाची जात बघा. बायको मरणाच्या दारात, आणि याला आपली अब्रू सुचली. फिटर म्हणाला, "सांगितलं होतं. विसरली असेल."

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गॅरेजवाला स्वतःशीच म्हणाला, "बाई विसरत नाहीत. मी त्यांच्याकडे गणितात दोनदा नापास झालो. अजून भेटल्या की कुठलं उदाहरण चुकलं होतं ते सांगतात." फिटर खिडकीबाहेर बघू लागला.

पूल आला. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, चाकाला लावलेला दगड तसाच पडला होता. शेजारी धुळीत गुडघ्यांचे दोन ठसे. पिकअप थांबली नाही, पण फिटरने ते ठसे बघितले आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साठी ओलांडलेली बाई गुडघे टेकून नट मोजत बसली होती, त्याने सांगितलं होतं तसे.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्या वळणावर एक ट्रक उतरत होता, गॅरेजवाल्याने हात बाहेर काढून त्याला थांबवलं, "पांढरी जुनी गाडी दिसली का? बाई चालवतायत." ट्रकवाला म्हणाला, "वर एक गाडी उभी आहे कठड्याला लागून. मी हॉर्न दिला, कुणी बघितलं नाही." उभी आहे म्हणजे काय, कशी उभी आहे, आत कोण आहे, हे फिटरला विचारायचं होतं, पण ट्रक निघून गेला.

चौथ्या वळणावर गाडी दिसली. तिरकी, पुढचं डावं चाक कठड्यापासून हातभर अंतरावर, आणि ते चाक असं बाहेरच्या बाजूला झुकलेलं की बघवत नव्हतं. बाई मागे, रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका दगडावर बसल्या होत्या. पाठ ताठ, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. वर्गात पेपर वाटून झाल्यावर बसत तशा. फिटर पिकअप थांबायच्या आत उतरला, अडखळला, आणि त्यांच्यापर्यंत पोचल्यावर त्याला काही करता येईना. त्याने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"तुम्ही कसे आलात? इथे तर फोनला रेंजही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मग त्यांनी चप्पल नसलेला त्याचा पाय पाहिला. "अहो, लागलंय तुम्हाला."

गॅरेजवाला जॅक लावून चाकाजवळ वाकला होता. एक नट कधीच पडून गेला होता. उरलेले तीन त्याने पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी काढले. तिन्ही हातात घेऊन तो फिटरकडे बघत राहिला.

"माझ्याच हाताला जोर नाही," बाई बोलत होत्या. इतका वेळ कुणाशी बोलल्या नव्हत्या, आता थांबत नव्हत्या. "मोजले मी, चारही लावले, पान्यावर उभी राहिले, सगळं तुम्ही सांगितलं तसं. पण आवळले गेले नसणार. पुलाच्या पुढे लगेच आवाज यायला लागला. टक, टक, टक. मला वाटलं थांबावं. मग म्हटलं, नको. हे म्हणतात ना, तुझ्या कानातून येतंय. जुनी गाडी आहे. घाबरट आहेस, चल. बारा किलोमीटर आले हो मी तो आवाज ऐकत. घाट लागल्यावर स्टिअरिंगच धरवेना तेव्हा थांबले." त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि फिटरच्या हातात दिली. "घ्या. मला नाही जमायचं हे. ताईला सांगू, ती समजून घेईल. बसने जाईन कधीतरी."

फिटरने किल्ली घेतली. बोलायची गरजच नव्हती. बाईंनी सगळा दोष आपल्या पदरात घेतला होता, गाठसुद्धा मारून झाली होती. फक्त 'असू दे, होतं असं' म्हणायचं होतं. गॅरेजवाला चाकापाशी पाठ करून बसला होता. तोही बोलणार नव्हता, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. पुढचे शुक्रवार फिटरच्या डोळ्यांसमोर आले. बाई घरात, खिडकीशी, आणि गाडी शेडमध्ये, आणि तो गाडीखाली.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "नट चुकीचे होते. या स्टेपनीला वेगळे लागतात. ते त्या बुटपॉलिशच्या डब्यात होते. मंगळवारी मी काढला, आणि परत ठेवला नाही."

बाई त्याच्याकडे बघत होत्या. गणित शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्यांची सवय होती.

"आणि तुला सांगितलंच नव्हतं कधी. वेगळे लागतात म्हणून. याने," त्याने गॅरेजवाल्याकडे बोट केलं, "याने वर्षापूर्वी सांगितलं होतं, बाईंना सांगा. मी नाही सांगितलं. आणि आत्ता येताना याला म्हणालो, सांगितलं होतं, तीच विसरली."

वाऱ्याचा आवाज येत होता. खालून एक मोटारसायकल आली आणि वळसा घालून गेली. मग बाईंनी विचारलं, "म्हणजे आवाज खरा होता?"

"हो."

"आणि ते कट्‌कट्, गेल्या पावसाळ्यातलं?"

फिटरने मान खाली घातली. "एक्सल होता. मी नंतर बदलला. तुला म्हटलं नाही."

"ब्रेकचा?"

"पॅड झिजले होते."

"तेही बदललेत. मला न सांगता."

"हो."

बाईंनी हात पुढे केला. फिटरला वाटलं, उठायला आधार हवाय, म्हणून त्याने आपला हात दिला. त्यांनी तो बाजूला केला आणि किल्ली मागून घेतली. "डबा," त्या म्हणाल्या. त्याने डबा दिला.

त्या गाडीपाशी गेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, राहू द्या, मी लावतो," तर त्या म्हणाल्या, "सरक." त्याने वाकून बोल्ट तपासले, चाकाची भोकं तपासली, नशीब आहे म्हणाला, धरण्याजोगी आहेत, आणि सरकला. बाई पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. आखूड नट एकेक करून उचलला, हातात फिरवून बघितला, लांब मानेच्या नटाशेजारी धरून बघितला. मग लावले. जॅक उतरवला. पान्यावर उभ्या राहिल्या, एकदा, दोनदा. फिटर मधे म्हणाला, "समोरासमोरचे आवळ," आणि त्यांनी तसंच केलं, पण वळून बघितलं नाही.

"ताई वाट बघत असेल," त्या हात झटकत म्हणाल्या.

"मी येतो बरोबर," फिटर म्हणाला आणि डावं दार उघडायला गेला.

"तुम्ही त्याच्या गाडीतून या." आवाज चढलेला नव्हता. राग असता तर फिटरला बरं वाटलं असतं. रागाला काय करायचं ते त्याला चाळीस वर्षांत कळलं होतं. "मला आवाज ऐकायचेत गाडीचे. कुणी शेजारी नको."

गॅरेजवाला म्हणाला, "बाई, सावकाश. आणि दहा किलोमीटरवर थांबून नट पुन्हा एकदा आवळायचे. नव्याने लावलेलं चाक बसतं थोडं."

गाडी निघाली. मागोमाग पिकअप. फिटर पुढच्या काचेला नाक लावून त्या डाव्या चाकाकडे बघत होता. दोन-दोन दिसत होतं ते त्याला, म्हणून एक डोळा हाताने झाकून घेतला. वळणामागून वळण गेलं. गॅरेजवाला एकदा म्हणाला, "बरं केलंत साहेब, सांगितलंत ते." बरं वगैरे काही वाटत नव्हतं फिटरला. बायको जिवंत होती, पुढे गाडी चालवत होती, यासाठी देवाचे पाय धरावेत, आणि तरी तो मनात गेल्या तीन वर्षांतले आवाज मोजत होता.

घाट संपला. सपाटीवर एका झाडाखाली बाईंनी बरोबर दहा किलोमीटरवर गाडी थांबवली. काटा बघितला असणार. उतरल्या, डिकीतून पाना काढला, नट आवळले. चारही. फिटर एव्हाना पिकअपमधून उतरून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता. चाळीस वर्षं बाईंनी घरात काहीही जोडलं, दुरुस्त केलं, मग ती बिजागरी असो की पंखा, की शेवटी 'तुम्ही एकदा बघून घ्या' एवढंच म्हणत आणि बाजूला होत. तो त्या वाक्यासाठीच उभा होता. हातसुद्धा पँटला पुसून घेतले होते त्याने.

बाई उठल्या, पाना पुढे केला, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "तू एकदा बघून घे रे."

गॅरेजवाला घोटाळला. त्याने फिटरकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुढे आला, आणि फिटर त्याला वाट द्यायला बाजूला झाला.